प्राणी वर्गीकरणावरचे समसंबंध : एका सरावपुस्तिकेची प्रश्नागणिक तपासणी

निकाल आधीच सांगतो. प्राण्यांच्या वर्गीकरणावरचे समसंबंध, म्हणजे एका जोडीतलं नातं ओळखून दुसरी जोडी पूर्ण करायचे प्रश्न, पक्के करायला ही सरावपुस्तिका चांगली आहे, पण तिच्या उत्तरसूचीवर डोळे झाकून विसंबू नये. शिष्यवृत्ती किंवा एनएमएमएसची (आठवीतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा) तयारी करणाऱ्या मुलाशेजारी पालक किंवा शिक्षक बसणार असतील तर जरूर घ्यावी. मूल एकटंच सोडवणार आणि एकटंच तपासणार असेल, तर काही ठिकाणी ते बरोबर उत्तर देईल आणि उत्तरसूची बघून चुकीचं शिकेल.

पुस्तिकेचं आणि प्रकाशनाचं नाव इथे मुद्दाम घेतलेलं नाही. पुढे दाखवलेल्या चुका या एकाच पुस्तिकेच्या नाहीत. याच धर्तीच्या बहुतेक सरावसंचांत त्या सापडतात, आणि कुठलाही संच हातात घेतला तरी त्या तपासता येतात.

रचना अशी आहे : सुरुवातीला वर्गीकरणाचा तक्ता, मग संबंधाच्या प्रकारानुसार पाडलेले प्रश्नगट, त्यानंतर मिश्र सराव, शेवटी ओएमआरचे (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेचे) कोरे नमुने आणि उत्तरसूची. प्रश्न चार पर्यायांचे, नेहमीच्या मांडणीत :

वटवाघूळ : सस्तन :: पेंग्विन : ?

संबंधाच्या प्रकारानुसार गट पाडणं ही या पुस्तिकेची सगळ्यात मोठी जमेची बाजू. बाजारातले अनेक संच सगळे प्रश्न एकत्र कालवतात. त्यात मूल शंभर प्रश्न सोडवतं, पण आपण नेमका कोणता संबंध ओळखला हे त्याला सांगता येत नाही. इथे पहिला गट प्राणी आणि त्याचा वर्ग किंवा संघ, दुसरा प्राणी आणि श्वसनाचा अवयव, तिसरा हालचालीचा अवयव, चौथा शरीरावरचं आवरण, पाचवा हृदयाचे कप्पे, सहावा पायांची संख्या, आणि शेवटचा संघ व त्याचं खास लक्षण. हा शेवटचा गट सगळ्यात कसदार. ‘निडारिया : दंशपेशी :: रंध्रीय प्राणी : कॉलर पेशी’ किंवा ‘तारामासा : नलिकापाद :: गांडूळ : दृढरोम’ असे प्रश्न नुसत्या पाठांतराने सुटत नाहीत. तारामासा नलिकापादांनी सरकतो आणि गांडूळ शरीरावरच्या बारीक दृढरोमांनी जमीन पकडत पुढे जातं, हे माहीत असेल तरच जोडी लागते.

तक्ता बरा आहे. रंध्रीय प्राण्यांपासून समपृष्ठरज्जूंपर्यंतचे संघ दहावीच्या अभ्यासक्रमातल्या नावांनीच दिले आहेत : चपट्या कृमी, गोल कृमी, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी, अर्धसमपृष्ठरज्जू. प्रत्येकापुढे दोन-तीन उदाहरणं आहेत. उणीव एकच, पण ती महागात पडते : तक्त्यात पातळ्या वेगळ्या दाखवलेल्या नाहीत. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड कुठेही आखलेली नाही. मृदुकाय हा संघ आणि उभयचर हा वर्ग, तरी दोघे एकाच रकान्यात शेजारी छापलेत.

हीच चूक पुढे प्रश्नांत उतरते. हा नमुना पाहा :

बेडूक : उभयचर :: कोळी : ?
1) कीटक 2) संधिपाद 3) मृदुकाय 4) अष्टपाद

उत्तरसूचीत 2 आहे. पण डाव्या जोडीत बेडकाचा वर्ग दिला आहे, म्हणून उजवीकडेही वर्गच हवा आणि कोळ्याचा वर्ग अष्टपाद. संधिपाद हा त्याचा संघ. विचार करणारं मूल 4 निवडेल आणि त्याचं उत्तर चूक ठरवलं जाईल. शालेय पुस्तकांत अपृष्ठवंशीय प्राणी बहुधा संघापर्यंत आणि पृष्ठवंशीय प्राणी वर्गापर्यंत शिकवले जातात, त्यामुळे प्रश्न काढणाऱ्याच्या हातून ही गल्लत सहज होते. पर्यायांत ‘अष्टपाद’ नसता तर ‘संधिपाद’ हे उत्तर चालवून घेता आलं असतं, कारण मग दुसरा योग्य पर्यायच उरला नसता. दोन्ही पर्याय समोर असताना मात्र पातळी जुळवणं हाच समसंबंधाचा नियम. प्रश्नात दुरुस्ती करायची तर डावी जोडी ‘बेडूक : समपृष्ठरज्जू’ करा. मग 2 बिनचूक ठरतं.

पातळीची खूणगाठ मुलाला एका वाक्यात बांधून देता येते. डावी जोडी वाचून पूर्ण वाक्य तोंडाने म्हणायचं : ‘बेडूक हा उभयचर वर्गातला प्राणी आहे.’ त्याच साच्यात उजवीकडचं नाव बसवायचं : ‘कोळी हा … वर्गातला प्राणी आहे.’ वाक्यात ‘वर्गातला’ हा शब्द उच्चारला की ‘संधिपाद’ आपोआप गळतं. नुसतं ‘बेडूक म्हणजे उभयचर’ असं म्हटलं तर पातळी हरवते आणि चारपैकी दोन पर्याय बरोबर वाटू लागतात.

फसव्या प्राण्यांचं पान या पुस्तिकेत आहे, आणि ते खरोखर मेहनतीने केलं आहे. देवमासा आणि डॉल्फिन सस्तन, समुद्रघोडा मासा, तारामासा आणि समुद्रकाकडी कंटकचर्मी, जेलीफिश निडारिया संघातली, खवले मांजर सस्तन, पेंग्विन पक्षी. प्रत्येकापुढे एका ओळीचं कारणही दिलं आहे : देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो, समुद्रघोड्याला कल्ले आणि पर असतात, खवले मांजराच्या खवल्यांखाली केस असतात आणि मादी पिल्लांना पाजते. कारण दिलं की प्रश्न उलटा आला तरी मूल अडत नाही. प्लॅटिपस मात्र इथे नाही. अंडी घालणारा सस्तन प्राणी म्हणून तो हमखास विचारला जातो, त्यामुळे त्याची भर स्वतःच घालावी.

या पानावर कोकणातल्या मुलांसाठी आणखी चार नावं हवी होती. बाजारात कोळंबी, शेवंड (लॉब्स्टर), माकूल (स्क्विड) आणि तिसऱ्या (शिंपल्या) हे सगळं मासळीतच मोडतं. घरात रोज तेच कानावर पडत असल्याने ‘पापलेट : मत्स्य :: कोळंबी : ?’ या प्रश्नाला मत्स्य लिहिणारी मुलं पुष्कळ. संघाच्या पातळीवर कोळंबी आणि शेवंड संधिपाद, माकूल आणि तिसऱ्या मृदुकाय. कणा आहे का, एवढं एकच तपासायचं. पापलेट खाताना मधला काटा निघतो, कोळंबीचं वरचं कवच सोलावं लागतं, माकूल साफ करताना आतून पारदर्शक पातळ पट्टी निघते पण मणक्यांचा कणा नसतो. ज्या घरात मासळी शिजते तिथे हा धडा ओट्यावरच होतो आणि पुन्हा विसरला जात नाही.

उभयचरांवरचा भाग मात्र कच्चा आहे. ‘सरीसृप : घोरपड :: उभयचर : ?’ या प्रश्नाला बेडूक, मगर, कासव, पाणसाप हे पर्याय दिलेत, आणि ते उत्तम निवडलेत. चारही प्राणी पाण्याच्या आसपास दिसतात, त्यामुळे ‘पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही’ एवढ्याच कसोटीवर मूल कासव किंवा मगर धरतं. खरी कसोटी त्वचा आणि अंडी. बेडकाची त्वचा ओलसर, खवल्यांशिवायची. अंडी पाण्यात, बिनकवचाची, त्यातून कल्ल्यांनी श्वास घेणारे बेडूकमासे निघतात. मगर आणि कासव यांची त्वचा कोरडी, खवल्यांची. पाण्यात कितीही राहिली तरी कवचाची अंडी घालायला ती जमिनीवरच येतात. प्रश्न एवढा चांगला, आणि स्पष्टीकरणाच्या जागी फक्त ‘उत्तर : 1’. इथे पुस्तिकेने हातातली संधी दवडली आहे.

उभयचरांवरचाच दुसरा प्रश्न तर आहे तसा सोडवूच नये :

मासा : कल्ले :: बेडूक : ?
1) फुप्फुसे 2) त्वचा 3) कल्ले 4) श्वासनलिका

सूचीत उत्तर 1. प्रौढ बेडूक जमिनीवर फुप्फुसांनी श्वास घेतो, पाण्यात आणि सुप्तावस्थेत त्वचेने, आणि बेडूकमाशाच्या अवस्थेत कल्ल्यांनी. प्रश्नात अवस्था सांगितलेली नाही, त्यामुळे चारपैकी तीन पर्यायांचं समर्थन करता येतं. अशा प्रश्नावर मुलाचा वेळ घालवण्यापेक्षा त्यात ‘सुप्तावस्थेतील बेडूक’ एवढं लिहावं आणि उत्तर 2 करावं. प्रश्न तिथल्या तिथे निर्दोष होतो.

पायांच्या संख्येचा गट बारकाईने केलेला आहे. ‘झुरळ : 6 :: विंचू : ?’ याचं उत्तर 8 दिलंय आणि ते बरोबर आहे. पण मुलं इथे 10 धरतात आणि त्यांच्याकडे कारणही असतं : पुढच्या प्रश्नात खेकड्याचे 10 पाय नांग्यांसकट मोजलेत, मग विंचवाच्या नांग्या का सोडायच्या? फरक असा की खेकड्याच्या नांग्या म्हणजे चालण्याच्या पायांचीच पहिली जोडी, पकडीसाठी बदललेली. विंचवाच्या नांग्या तोंडाजवळच्या वेगळ्या उपांगांपासून बनतात, त्या पायांत धरत नाहीत. विंचू कोळ्याच्याच अष्टपाद वर्गातला, हे लक्षात ठेवलं तरी आकडा चुकत नाही. ऑक्टोपसबद्दल उलट सावध राहायला हवं : आठ बाहू पाहून मुलं त्याला अष्टपाद ठरवतात, पण तो मृदुकाय. गोम आणि पैसा यांची जोडीही याच गटात आहे. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी, पैशाच्या बहुतेक खंडांवर दोन. हा प्रश्न क्वचितच पाहायला मिळतो, इथे घेतला आहे याचं कौतुक.

हृदयाच्या कप्प्यांत मासा 2, बेडूक 3, पक्षी आणि सस्तन 4 हे नेहमीचं आहेच. सरीसृपांत पाल, साप, कासव यांचे 3 आणि मगरीचे 4, हा अपवाद मिश्र सरावात एकदाच येतो. तो किमान तीनदा यायला हवा होता, कारण ‘पाल : 3 :: मगर : ?’ या प्रश्नात दोन्ही प्राणी एकाच वर्गातले असल्याने उत्तरही सारखंच असणार असं गृहीत धरलं जातं.

सममितीवर फक्त दोन प्रश्न. ‘जेलीफिश : अरीय :: फुलपाखरू : द्विपार्श्व’ सरळ आहे (केंद्राभोवती सारखी रचना ती अरीय, डावी-उजवी बाजू सारखी ती द्विपार्श्व). तारामाशाचा प्रश्न अर्धवट : प्रौढ तारामासा पंच-अरीय सममितीचा, तर त्याची अळी द्विपार्श्व सममितीची. अवस्था लिहिल्याशिवाय हा प्रश्न विचारू नये.

भाषेकडे लक्ष दिलेलं नाही, याची तक्रार मात्र करावीच लागेल. एका प्रश्नात ‘साप : ?’साठी पर्याय 2 ‘सरपटणारे प्राणी’ आणि पर्याय 4 ‘सरीसृप’ असे दिलेत. प्राथमिकच्या पुस्तकातलं नाव पहिलं, माध्यमिकचं दुसरं. दोन्ही एकाच वर्गाची. सूचीत 4. सातवीतल्या मुलाने 2 लिहिलं तर त्याला चूक म्हणायचं कुठल्या तोंडाने? असाच घोळ काही पानांवर ‘निडारिया’ आणि काही पानांवर ‘सिलेंटराटा’ लिहून घातला आहे. एकाच संघाची ही नवी-जुनी नावं आहेत असं एकदा तरी सांगायला हवं होतं.

मिश्र सरावात ‘गाय : वासरू :: शेळी : करडू’, ‘घोडा : पागा’, ‘पक्षी : थवा’ असे प्रश्नही घुसडले आहेत. पिल्लू, निवारा, समूह हे भाषेच्या पेपरातले संबंध, त्यांचा वर्गीकरणाशी काही संबंध नाही. तरी ते इथे असल्याचा एक फायदा आहे. ‘मेंढी’ हा शब्द दिसल्याबरोबर ‘सस्तन’ लिहिण्याची घाई मुलाने करू नये, आधी डावी जोडी काय म्हणते ते पाहावं, ही सवय अशा भेसळीतूनच लागते. गाय-वासरू पाहिलं तर कोकरू, गाय-सस्तन पाहिलं तर सस्तन.

आता वापरण्याची रीत. उत्तरसूचीत फक्त पर्यायाचे क्रमांक आहेत, संबंध कुठेच लिहिलेला नाही. म्हणून मुलाने प्रत्येक प्रश्नासमोरच्या समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहावेत : संबंध आणि पातळी. ‘श्वसन’, ‘संघ’, ‘वर्ग’, ‘आवरण’ एवढंच. तपासताना आधी हे शब्द तपासायचे, क्रमांक नंतर. क्रमांक बरोबर आणि समासातला शब्द चूक असेल तर तो प्रश्न अंदाजाने सुटला आहे असं समजून परत घ्यायचा. क्रमांक चूक आणि शब्द बरोबर असेल तर अडचण प्राण्याच्या माहितीत आहे, समसंबंधात नाही. तेव्हा तक्त्याकडे जायचं. चुकांचे हे दोन प्रकार वेगळे केले नाहीत तर मूल त्याच-त्याच जागी अडखळत राहतं आणि कारण कळत नाही.

पर्याय गाळण्याचा क्रमही ठरवून द्यावा. आधी पातळीने गाळायचं, मग कण्याने, मग आवरणाने. ‘घोरपड : सरीसृप :: खवले मांजर : ?’ याला मत्स्य, सस्तन, सरीसृप, संधिपाद असे पर्याय असतील तर पातळीने संधिपाद जातो. उरलेले तिन्ही कण्याचे, म्हणून कणा इथे कामाचा नाही. आवरण पाहिलं तर खवले दिसतात आणि मत्स्य-सरीसृप ओढ लावतात. तेव्हा शेवटचा प्रश्न विचारायचा : पिल्लांना दूध पाजतो का? सस्तन. क्रम उलटा केला, आवरणापासून सुरुवात केली, की याच प्रश्नात पाय घसरतो.

वेळेचं गणित पुस्तिकेत दिलेलं नाही, ते असं आहे. शिष्यवृत्तीच्या प्रत्येक पेपरात 75 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. एनएमएमएसच्या बौद्धिक क्षमता चाचणीत 90 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे बरोबर एक मिनिट. वर्गीकरणाच्या समसंबंधात आकडेमोड नसते, त्यामुळे तो 30 ते 40 सेकंदांत सुटायला हवा आणि उरलेला वेळ गणिताला किंवा आकृत्यांना मिळायला हवा. सुरुवातीला 10 प्रश्नांना 12 मिनिटं द्या, मग 10, मग 6 वर आणा. समासात शब्द लिहिण्याचं काम 6 मिनिटांच्या टप्प्यावर थांबवायचं. तोवर ते तोंडातल्या तोंडात होऊ लागतं.

शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत होती तेव्हा तिच्यात काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असत आणि दोन्ही गोल रंगवणं बंधनकारक असे. या पुस्तिकेत तसा एकही प्रश्न नाही. तशा प्रश्नांच्या सरावासाठी ती अपुरी आहे, हे त्यातून स्पष्ट होतं. घरी तसे प्रश्न तयार करणं सोपं आहे : ‘मधमाशी : संधिपाद :: ? : संधिपाद’ असं मांडून पर्यायांत खेकडा, गांडूळ, विंचू, गोगलगाय द्यायचे. खेकडा आणि विंचू दोन्ही रंगवले तरच बरोबर.

दहावीच्या मुलांनी ही घ्यावी का? फक्त पहिला आणि शेवटचा गट त्यांच्या कामाचा. बोर्डाच्या विज्ञान भाग 2 च्या 40 गुणांच्या पेपरात पहिल्या प्रश्नात सहसंबंधाचा एखादा प्रश्न 1 गुणाला येतो, आणि त्याला पर्याय नसतात. नाव स्वतः आठवून शुद्ध लिहावं लागतं. ‘हर्डमानिया : युरोकॉर्डाटा :: अॅम्फिऑक्सस : सेफॅलोकॉर्डाटा’ किंवा ‘शार्क : मत्स्य :: पेट्रोमायझॉन : चक्रमुखी’ अशा प्रश्नांना गोल रंगवण्याचा सराव उपयोगी पडत नाही. पेट्रोमायझॉन दिसायला माशासारखा लांबट, पण त्याला जबडा नसतो, गोल चूषीमुख असतं. मुलं तिथे मत्स्य लिहून गुण घालवतात. दहावीसाठी पाठ्यपुस्तकातलं ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ हे प्रकरण, त्यातली प्रत्येक संघाखालची उदाहरणं, आणि पर्याय झाकून लिहिलेले याच पुस्तिकेतले दोन गट, एवढं पुरतं.

मोबाइलवरच्या फुकट चाचण्यांशी तुलना करायची तर तिथे प्रश्न पुष्कळ, पण बरेचसे इंग्रजी किंवा हिंदीतून जसेच्या तसे उतरवलेले, त्यामुळे मराठी परिभाषा बिघडते. शिवाय तिथे समासच नसतो.

छपाई ठीक आहे, अक्षर मोठं आहे. कागद पातळ असल्याने ओएमआरच्या नमुन्यावर बॉलपेनाने गोल रंगवले की मागे उमटतात. त्याच्या मागच्या बाजूला दुसरा नमुना छापलेला असल्याने तो वाया जातो. हे नमुने आधीच झेरॉक्स करून घ्यावेत, आणि ती प्रत काढताना तक्त्याचीही एक कोरी प्रत काढावी : उदाहरणांचा रकाना पांढऱ्या कागदाने झाकून. दर आठवड्याला मुलाने तो स्वतः भरायचा, संघ एका रंगाने आणि वर्ग दुसऱ्या रंगाने. पातळ्या वेगळ्या दाखवण्याचं जे काम छापील तक्त्याने केलेलं नाही, ते या दोन रंगांनी होतं.